खानदेशातल्या संग्रहालयांत पोरांना एकच वस्तू दाखवायची तर कुठली?

तापीकाठ

मंडळी नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची दोन पोरं येताहेत, एक सातवीत एक नववीत. दरवर्षी मॉल, हॉटेल आणि फार तर मनुदेवीचा धबधबा एवढं दाखवून परत पाठवतो. यंदा ठरवलंय की धुळे, जळगाव, चाळीसगाव पट्ट्यातली संग्रहालयं दाखवायची. पण पोरं ती पोरं, पन्नास कपाटांसमोरून चालवत नेलं की पंधराव्या मिनिटाला "मामा भूक लागली" सुरू. म्हणून विचार असा की प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर निवांत थांबायचं, ती कुठल्या गावची, कुणी सांभाळली, इथवर कशी आली एवढं नीट सांगायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, भांडायचं तर भांडा. आपल्याकडे वस्तूंची कमी नाही, पण खाली पाटी काय असते तर "मूर्ती, पाषाण, बारावे शतक". गाव कुठलं, नदीच्या कुठल्या काठाला सापडली, कुणाच्या वाड्यात होती, काहीच नाही. गावाचं नाव गेलं की ती वस्तू कुठलीही होऊन जाते. एरंडोलच्या माणसाला कळलं की हा दगड आपल्या शिवारातला आहे तर तो बायकोपोरांना घेऊन बघायला येईल की नाही?

तर एकेक वस्तू सांगा, तिच्या गावासकट.

मोडीवाली

धुळ्यापासून सुरुवात करा दादा. श्री समर्थ वाग्देवता मंदिर. नावात मंदिर आहे पण आत हस्तलिखितं आहेत, तीच तिथली देवता. समर्थ रामदासांच्या हातची म्हणून जपलेली वाल्मीकी रामायणाची प्रत तिथे आहे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ मजकूर वाचलाच नाही, नुसत्या ओळी बघत बसले. बोरूने लिहिलेलं, अक्षर एका मापाचं, शिरोरेषा सरळ, आणि काठाला सोडलेली मोकळी जागा पान उलटलं तरी तेवढीच. टाकळीला तप करत असताना लिहिलं असं परंपरा सांगते, म्हणजे ऐन तरुणपणातलं काम. पोरांना म्हणावं आता तुम्ही एक पान असं लिहून दाखवा.

आणि गोष्ट सांगायची ती शंकर श्रीकृष्ण देवांची. नानासाहेब देव म्हणतात त्यांना. धुळ्यात वकिली करायचे. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा सुरू झाली आणि मग या माणसाने मठामठातून फिरून रामदासी बाडं गोळा केली. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती, तिच्यावरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. आज घरोघरी जो दासबोध वाचला जातो त्याच्या मागे धुळ्याच्या एका वकिलाची पायपीट आहे हे धुळ्यातल्या किती जणांना माहीत आहे?

भरीत_पुरी

मोडीवाली ताई मस्तच. पण तापीकाठ भाऊ, "मामा भूक लागली" याच्यावर हिवाळ्यात एकच उपाय, बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. वस्तू म्हणून ते पण यादीत धरा, गावाचं नाव तर आधीच लागलेलं आहे 😄

गिरणामाय

भरीत संग्रहालयात टिकणार नाही भाऊ, पंगतीत संपेल.

धुळ्यातच आहात तर राजवाडे संशोधन मंडळ सोडू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी लोकांनी त्यांच्या नावाने मंडळ काढलं. आयुष्यभर हा माणूस गावोगाव फिरला, कुणाच्या माळ्यावरचं, कुणाच्या देवघरामागचं, कुणाच्या धान्याच्या कोठीतलं दप्तर सोडवून आणायचा. १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, बावीस खंड निघाले. तिथे मूर्ती आहेत, नाणी आहेत, चित्रं आहेत, पण माझी निवड कागदांचा रुमाल. आजकालच्या पोरांना रुमाल म्हणजे खिशातला. जुनी कागदपत्रं चौकोनी फडक्यात घालून चारी टोकं वर घेऊन गाठ मारतात तो रुमाल. असा एक रुमाल कुणी जाणकार उघडून दाखवत असेल तर ते बघणं हाच कार्यक्रम आहे. आत काय निघतं? वतनाची भांडणं, सनदा, हिशेब, कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला. राजांच्या लढाया पोरांनी शाळेत वाचलेल्या असतात, पण दोनशे वर्षांपूर्वीचं बांधाचं भांडण वाचलं की इतिहास आपल्या गल्लीतला वाटायला लागतो. आमच्याकडे तेच बांध अजून चालू आहेत.

पुण्यातला_खानदेशी

धागा आवडला पण मूळ मुद्द्याशी थोडा असहमत आहे. गावाचं नाव पाटीवर हवं हे शंभर टक्के मान्य. पण वस्तू टिकली तर पाटी. कसर, वाळवी, दमट हवा, गळकं छप्पर यांना गावाचा अभिमान कळत नाही. खानदेशातल्याच एका लहान संग्रहालयात (नाव घेत नाही) मी नाण्यांचं कपाट बघितलं होतं, काचेवर एवढी धूळ की आत काय आहे ते बोटाने पुसून बघावं लागलं. दोन वर्षांनी गेलो तर खोलीलाच कुलूप. यापेक्षा दिल्ली मुंबईला गेलेली वस्तू निदान दिसते तरी. पितळखोऱ्याच्या यक्षाचं बघा, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात दिमाखात उभा आहे, जगभरातले लोक बघतात.

चाळीसगावकर

बरं झालं पितळखोऱ्याचं नाव निघालं. लेणी कागदोपत्री कन्नड तालुक्यात, पण आमच्या पाटणादेवीच्या जंगलाला लागूनच, त्यामुळे आम्ही ती आमचीच धरतो, कन्नडवाल्यांनी रागावू नये. तो यक्ष बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हात वर करून डोक्यावर भांडं तोलून धरलेला, आणि चक्क हसतोय. त्याच्या हातावर प्राकृतात कोरलंय, कान्हदास नावाच्या सोनाराने केला म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांची नावं आपल्याला बहुतेक ठाऊक नाहीत. या एकाचं कळतं, आणि धंद्याने तो सोनार. दगडावरचे बारीक दागिने बघितले की लगेच पटतं.

आता सांगा पुण्यातले भाऊ, दिल्लीला त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला कळतं का की ही लेणी कुठल्या दरीत आहेत, खाली धबधबा कुठे पडतो, सातमाळ्याच्या कड्यावरून खानदेश कसा दिसतो? यक्ष राहू द्या दिल्लीत, माझी हरकत नाही. पण त्याची एक चांगली प्रतिकृती चाळीसगावात का नको?

पुण्यातला_खानदेशी

प्रतिकृतीला माझा पूर्ण पाठिंबा. भांडण मिटलं 🙂

चाळीसगावकर

मिटलं नाही, अजून आहे 😀 आमची खरी वस्तू राहिलीच. पाटण्याचं शहामृगाचं अंडं. म्हणजे अंड्याच्या कवचाचा तुकडा. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी सत्तरच्या दशकात पाटण्याला उत्खनन केलं त्यात मिळाला. काळ साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. तुकड्यावर समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये फुल्याफुल्यांची नक्षी, दगडाच्या बारीक टोकाने कोरलेली. सोबत त्याच कवचाचे गोल मणी पण मिळाले, भोकं पाडलेले, माळेत ओवायचे. विचार करा, शेती नाही, मातीची भांडी नाहीत, धातू नाही, आणि गिरणेच्या खोऱ्यात कुणीतरी बसून अंड्यावर नक्षी काढतोय. भारतातल्या सगळ्यात जुन्या कलावस्तूंमध्ये त्याची गणना होते. मी जन्मापासून चाळीसगावात आणि हे अंडं बघितलं ते पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या चित्रात. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

केळीबाग

शहामृग?? खानदेशात?? 😳

चाळीसगावकर

हो ताई, अगदी आपल्याकडे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थानात बऱ्याच ठिकाणी कवचं मिळालीत. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा जुन्या कवचांमधला डीएनए तपासला तर तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. पुढे हवामान बदलत गेलं आणि तो पक्षी आपल्याकडून नाहीसा झाला.

केळीबाग

उद्या शाळेत वर्गावर सांगणार. रावेर यावलची पोरं केळी सोडून दुसऱ्या कशाला खानदेशाची ओळख मानायला तयार नसतात.

जुनं_जळगाव

जळगावातून माझं मत बहिणाबाईंच्या जात्याला. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांच्या घरच्या वस्तू जपून ठेवल्यात. असोद्याची लेक, जळगावची सून, जन्म १८८०, गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. लिहिता वाचता येत नव्हतं, कविता सगळ्या तोंडी, दळता कांडताना आणि शेतात. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तशा उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

पोरांना तिथे एवढंच विचारा की जात्याचा खुंटा कसा धरायचा. हात लावायला मिळेल असं नाही, पण माझ्या आईला मी तिथे नेलं होतं तेव्हा ती म्हणाली खुंटा सैल धरायचा असतो, घट्ट धरला की तळहाताला फोड येतो, आणि दोघी बसल्या की एकीने ओढायचं दुसरीने ढकलायचं, त्या लयीतच ओवी येते. आजूबाजूचे कॉलेजचे मुलगे मोबाईल खाली ठेवून ऐकत होते. पाटीवर हे काही लिहिलेलं नसतं, आणि तापीकाठ भाऊ म्हणतात त्यात मी एवढं घालीन की गावाच्या नावासोबत वापरणाऱ्याचा हात पण सांगितला पाहिजे. आई आजी असेल तर सोबत न्या.

नंदुरबारी

खानदेश म्हटलं की सगळे धुळे जळगाववर थांबतात. नंदुरबार जिल्हा वेगळा होऊन (१ जुलै १९९८) इतकी वर्षं झाली तरी आम्ही यादीत शेवटीच.

आमच्या वस्तू काचेत नाहीत, त्या वर्षातून एकदा बाहेर निघतात. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी बघा. व्रत धरलेले बाबा, बुध्या येतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकवलेल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरू, अंगावर राखेची नक्षी. रात्रभर ढोल. सातपुड्यातल्या आदिवासींच्या वस्तू बघायच्या तर पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत, चांगलं ठेवलंय, मी बघितलंय. पण ढोल तिथे गप्प. घरी तो ढोल कुणाच्या हातात असतो, कातडं कधी तापवतात, व्रतातला माणूस तेवढे दिवस खाटेवर झोपत नाही, हे त्याच्यासोबत कोण सांगणार? आमच्या पोरांनी तिथे पाटी लिहायला बसलं पाहिजे. नुसतं "आदिवासी वाद्य" लिहू नका, भिल्ल की पावरा की मावची, कुठला पाडा, हे लिहा.

तापीकाठ

नंदुरबारी, हे मनापासून पटलं. "आदिवासी वाद्य" आणि "मूर्ती, पाषाण" एकाच जातीच्या पाट्या आहेत. होळीला पोरांना काठीला आणणार, नक्की.

अमळनेरकर

थोडं विषयांतर, पण इमारत ही वस्तू धरली तर चालेल का? धुळ्याचा तुरुंग. १९३२ मध्ये विनोबा तिथे कैदेत होते, दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि आमचे साने गुरुजी (होय, आमचेच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते) समोर बसून लिहून घ्यायचे. गुरुजींनी लिहिलं नसतं तर ती प्रवचनं हवेत गेली असती. नानासाहेब देव, राजवाडे, सोपानदेव, गुरुजी, चारही ठिकाणी गोष्ट एकच दिसते, कुणीतरी बसून उतरवून घेतलं.

दुसरं म्हणजे फैजपूर. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, गांधीजी हजर, सजावटीला शांतिनिकेतनचे नंदलाल बोस. बांबू, चटया, गावातली साधनं वापरून सगळं उभं केलं. जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, २०१२ मध्ये सुरू झालं, पोरांना ते आवडेलच, पण तिथून निघालात की फैजपूरला पण घेऊन जा. गांधीजी आपल्या मातीत कुठे उतरले होते ते पायाखाली कळलं पाहिजे.

भुसावळ_जंक्शन

दायमाबादचा तो बैलांचा रथ राहिला की! गेंडा, हत्ती, म्हैस आणि रथ, शेतकऱ्याला मिळालेले.

गिरणामाय

भाऊ, दायमाबाद नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला सापडली ती चार शिल्पं, सगळी मिळून साठ किलोंच्या वर वजन. खानदेशात घेता येणार नाहीत, पण एक धागा आहे, पाटण्याचं अंडं शोधणाऱ्या साळींनीच पुढे १९७५ ते ७९ दायमाबादला उत्खनन केलं.

आणि त्या काळचं आपलं स्वतःचं आहे ना. तापीकाठचं सावळदे. त्या गावाच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, सावळदा संस्कृती, चार हजार वर्षांपूर्वीची. रंगवलेली मडकी, त्यांच्यावर मासे, पक्षी, बाणाची टोकं काढलेली. साक्री तालुक्यात कवठ्याला डेक्कन कॉलेजने खणलं तेव्हा त्या लोकांची घरं मिळाली. प्रकाश्याला १९५४ ५५ मध्ये बी. के. थापर यांनी खणलं, तापी गोमाईच्या संगमावर. बहाळला म. न. देशपांडे यांनी. एवढी गावं पुरातत्त्वाच्या पुस्तकात आहेत आणि त्या गावातल्या झेडपी शाळेत खापराचा एक फोटो नाही.

शेतकरी_पाचोरा

एक विचारू का, आमच्या शेताच्या बांधाला एक कोरीव दगड उभा आहे. वर चंद्र सूर्य, खाली घोड्यावर माणूस, त्याच्या खाली काही माणसं आडवी. आजोबा त्याला शेंदूर लावायचे, आम्ही पण पोळ्याला नारळ फोडतो. मागच्या वर्षी एक जण गाडी घेऊन आला, वीस हजार देतो म्हणाला. दिला नाही. पण हे नेमकं काय आहे आणि आम्ही काय करावं?

मोडीवाली

दिला नाहीत हे फार चांगलं केलंत दादा! वर्णनावरून वीरगळ वाटतो. गाईगुरं सोडवताना किंवा लढाईत कुणी मेला की त्याच्या नावाने उभा करायचे, खालच्या चौकटीत मरण, मधे स्वर्गात नेणं, वर शिवलिंगाची पूजा. चंद्र सूर्य म्हणजे ते असेपर्यंत नाव राहील.

तो जागेवरच राहू द्या. फोटो काढा, चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. ऑइलपेंट लावू नका, शेंदराचे जाड थर खरवडू पण नका, दगडाचा पोपडा निघतो. ग्रामपंचायतीत नोंद करायला सांगा आणि पुरातत्त्व विभागाला पत्र टाका. आणि नांगरताना नाणी, धातूच्या वस्तू असं काही जमिनीतून निघालं तर ते आपलं म्हणून घरात ठेवायचं नसतं, १८७८ चा निखात निधी कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. विकणाऱ्याला आणि नेणाऱ्याला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे.

शेतकरी_पाचोरा

धन्यवाद ताई. उद्याच फोटो काढतो. आजोबा म्हणायचे की हा आमच्या गावासाठी मेलेला माणूस आहे, नाव कुणाला माहीत नाही पण नारळ चुकवायचा नाही.

पुण्यातला_खानदेशी

इथे मात्र मी तुमच्या बाजूचा. हा दगड कुठल्याही संग्रहालयात न्यायचा नाही. जोवर नारळ फुटतोय तोवर त्याची देखभाल चालू आहे.

चाळीसगावकर

तसाच पाटणादेवीचा शिलालेख. देवीच्या मंदिरातला, शके ११२८. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटण्याला मठ काढला त्याची हकीकत. निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवाने त्याला जमीन दिली. वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटी बाजारातल्या करांचा कुठला भाग मठाला द्यायचा ते जुन्या मराठीत, "इयां पाटणीं जें केणें उघटे" असं सुरू होतं. केणं म्हणजे विकायचा माल. गणिताची शाळा बाजारातल्या वर्गणीवर चालायची! भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख जगापुढे आणला. नववीतल्या पोराला सांगा, लीलावती जिथे शिकवायचे ती जागा बघायला चल.

आणि स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर. मुंबईत जन्मलेला पारशी माणूस, इंग्लंडमध्ये फोटोग्राफी शिकून चाळीसगावला आला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडला, १९८९ मध्ये गेला तोवर. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड असा टाकायचा की फोटोत डोंगर, बर्फ, रात्र वाटावी. एका प्रेयसीची गाडी येईल म्हणून रोज वाट बघायचे असं गावात सांगतात. पोरांना ती गोष्ट सांगा, पण आधी एक टेबलटॉप फोटो दाखवून विचारा की हे कुठलं ठिकाण असेल. माझ्या पुतणीने काश्मीर सांगितलं होतं.

तापीकाठ

ठरलं मग. पहिला दिवस धुळे, रामायणाची पोथी आणि एक रुमाल. दुसरा दिवस चाळीसगाव, सकाळी पाटणादेवीचा शिलालेख, दुपारी मूस. तिसरा दिवस जळगावात जातं, आईला सोबत नेतो, आणि जमलं तर फैजपूर. अंड्याचा फोटो छापून गाडीत ठेवतो, पाटण्याला पोचल्यावर हातात देईन.

शिवाय एक काम सुरू करू या का? ज्याला जी वस्तू दिसेल तिचा फोटो आणि गावाचं नाव या धाग्यावर टाकायचं. संग्रहालयात फोटो काढायची परवानगी विचारून मगच.

नंदुरबारी

प्रकाश्यापासून मी करतो.

भरीत_पुरी

चाळीसगावकर भाऊ, आम्ही पण येतो. मूस बघायचे राहिलेत.

चाळीसगावकर

आमना चाळीसगावले या सगळे, चहा मन्हाकडे. फक्त मूसांच्या घरी जायच्या आदल्या दिवशी फोन करून उघडं आहे का विचारून घ्या, आणि पाटणादेवीला पावसाळ्यानंतर लगेच जाणार असाल तर डोंगरी नदीला पाणी किती आहे ते मला विचारा, मी रस्ता बघून सांगतो.